विहिरीच्या पाण्याचे पत्र

२४ जानेवारी १९९७, शुक्रवार. पौष वद्य प्रतिपदा, शके १९१८

जिच्या कृपेने मुक्यासही शब्द सुचतो त्या वाग्देवतेस प्रथम नमन. या पानांवर असत्य उतरू नये, आणि उतरलेच तर ते मला दिसावे, एवढे मागणे.

आज एक पोस्टकार्ड आले. पाठविणाऱ्याचे नाव नाही. चारही कोपऱ्यांना कुंकू. आकाराम पोस्टमन ते चिमटीत धरून दारातच उभा. म्हणाला, "काका, देवीचं पत्र हाय. तुमी धरा बाई, मला भ्या वाटतंय." वास्तविक पत्रे वाटण्यातच त्याचा जन्म गेला!

मजकूर उतरून ठेवतो —

"देवी प्रसन्न. स्नान करून वाचावे. गावात जो मत मागावयास येईल त्यास आपल्या विहिरीचे पाणी ओंजळीने द्यावे. तो प्याला तर त्याचे ऐकावे. न प्याला तर त्याच्याशी एक शब्दही बोलू नये. या पत्राच्या अकरा नकला करून अकरा गावी पाठवाव्यात. ज्याच्या ओठी पाणी, त्याच्या ओठी सत्य नांदो."

अशी पत्रे आयुष्यभर पाहिली. अकरा नकला करा, धन मिळेल, पुत्र होईल. देवतेच्या नावाने चाललेला हा बाजार मला कधीच मानवला नाही. वाईच्या पाठशाळेत बारा वर्षे घासलेली बुद्धी अशा कागदापुढे वाकणार नाही. परंतु येथे धन नाही, पुत्र नाही. येथे मत आहे! जिल्हा परिषदेचे मतदान २ मार्चला. हे देवीला कोणी सांगितले?

शेवटची ओळ मात्र कानाला ओळखीची वाटली. कोठे ऐकली, आठवेना.

फाडले नाही. पोथ्यांची सुटी पाने आणि भंगलेल्या तसबिरी ज्या वेताच्या टोपलीत ठेवतो, त्या टोपलीत टाकले. सांगलीला कोणी निघाले की टोपली कृष्णेत जाते. या जत तालुक्यात विसर्जनालाही पाणी नाही.

२७ जानेवारी, सोमवार. संकष्टी

सात पत्रे झाली. लोक आणून देतात. घरात ठेववत नाही, फाडवत नाही. म्हणून शास्त्रीबुवांच्या टोपलीत.

बनाबाई दुपारी आली. मेंढरे राखणारी विधवा, अक्षरशत्रू, परंतु बोलण्यात कोणाला हार न जाणारी. म्हणाली, "आवं काका, मला लिवता येत न्हाई, अकरा कवा लिवू? तुमीच लिवा की माझ्या नावानं!"

मी म्हणालो, या नकलांत काही पुण्य नाही.

"पुण्य नगं मला. पर वाचा गेली तर? सुनंशी भांडायला वाचा लागतीया काका!"

वाचा? तिचे पत्र घेऊन वाचले. खरोखरच, एक ओळ नवी होती — "नकला न करणाऱ्याची वाचा जाईल." माझ्या पत्रात ही ओळ नाही. टोपलीतील सातही पुन्हा काढून पाहिली. पहिल्या तिनांत नाही. पुढच्या चारांत आहे. अक्षर प्रत्येकाचे निराळे.

२८ जानेवारी

एकोणीस पत्रे. टोपलीचे झाकण बसत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो. अलंकार नको.

सकाळी दहा वाजता चावडीपुढे नानासोंची सभा. तीस वर्षे या गटातली जागा त्यांच्याच घरात आहे. आधी वडील, मग थोरले बंधू, आता स्वतः. दोन जीपगाड्या, कर्णा, हार. दर सभेला पोरे शिट्या वाजवतात, गुलाल उधळतात. आज तरुण पोरे-पोरी दीडशे तरी असावीत. कोणी एक शब्द बोलले नाही. सारे उभे. प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी.

आमच्या विहिरीचे पाणी मातकट, मचूळ. ओंजळीत धरले की बोटांतून तांबूस धार गळते.

नानासो हसले. "काय रं गड्यांनो, लगीन हाय का काय कुणाचं?" कोणी हसले नाही. तेव्हा बौद्धवस्तीतला प्रशांत पुढे झाला. सांगलीच्या कॉलेजात शिकतो, यंदा प्रथमच मत देणार. त्याने ओंजळ नानासोंच्या तोंडापाशी नेली. नानासो मागे सरले. "आरं, मला शुगर हाय. डॉक्टरनं भाईरचं पाणी बंद केलंय." आणि जीपमधून सीलबंद बाटली मागवली.

ती बाटली उघडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला. इतकी शांतता.

मग ते बोलू लागले. म्हैसाळ योजनेचे पाणी, टँकरच्या फेऱ्या, तलाव. समोर टाळी नाही, शिवी नाही, खोकला नाही. केवळ धुळीत थेंब पडतात, टप् टप्. मी देवळाच्या पायरीवर होतो. ओंजळीतील पाणी म्हणजे अर्घ्य. ते सूर्याला देतात, पितरांना देतात. जिवंत माणसाला असे देताना मी कधी पाहिले नव्हते.

"येत्या उन्हाळ्याच्या आत मी तुमाला—" एवढे म्हणाले आणि आवाज गेला. तोंड हलत होते. कर्ण्यातून नुसता वारा.

जीपगाड्या गेल्या. पोरांनी उरलेले पाणी विहिरीत परत ओतले आणि ती आपापल्या घरी गेली. संध्याकाळपर्यंत गावात कोणी मोठ्याने बोलले नाही. सून शकुंतलेने जेवायला वाढले तेही हाताच्या खुणेने! मी विचारले, तू का गप्प? ती दचकली. "अय्या, मी गप्प होते?"

४ फेब्रुवारी, मंगळवार

नानासोंचा आवाज अद्याप नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी आठ दिवस मौन सांगितले म्हणे. दिवसाला आठ-आठ सभा, कंठ बसणारच. यात अद्भुत काही नाही.

असे लिहिले खरे. परंतु आज आकारामने नवे पत्र आणले. शिरवळचे. म्हणजे साताऱ्याच्या पार टोकापर्यंत साखळी गेली. त्यात मध्येच एक ओळ — "जत भागात एका पुढाऱ्याने पाणी नाकारले. भर सभेत त्याची वाचा गेली."

आकाराम म्हणाला, "काका, मजकूर ऱ्हाऊ द्या. शिक्का बघा."

शिक्का ३० जानेवारीचा. सभा २ तारखेची!

मनाची समजूत घातली. अशा पत्रांत 'अमक्याने अव्हेर केला, त्याचे असे झाले' हे असतेच, योगायोगाने बसले. पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या यजमानाने हे विचारले असते तर मी हेच सांगितले असते, आणि ठामपणे.

आज ठामपणे सांगता येत नाही. संध्येच्या वेळी आचमनाचे पाणी तळहातावर घेतले आणि किती तरी वेळ तसेच धरून बसलो. कोणाला द्यावयाचे आहे असे वाटले.

८ फेब्रुवारी, शनिवार. माघ शुद्ध प्रतिपदा

नानासोंचा पुतण्या बाळासो आला. चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला, चहा प्याला. नंतर बोलला.

"शास्त्रीकाका, तुमच्या शब्दाला मान हाय. रथसप्तमीला देवळात गाव गोळा हुतंय. तवा सांगून टाका — ही पत्रं पाप हायती. लिवंल त्याला दोष लागतो. बास."

मी म्हणालो, पाप आहे की नाही हे अद्याप मलाच ठरवता आलेले नाही.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या. लिवलं कुणी तेवढं सांगा. शिकल्यालं काम हाय हे. सारी पत्रं तुमच्या टोपलीत हायती, अक्षराची पारख तुमाला. आमाला वाटतंय त्यो प्रशांत. पोरं तयारच हायती आमची. एकदा हातच मोडलं की लिवायचं कशानं?" आणि हसला. सुपारी मागून घेतली!

निरोप द्यायला दारात गेलो. जीपमध्ये नानासो. गळ्याला मफलर, डोळे माझ्यावर. बोलता येत नाही. मांडीवरच्या वहीत काही लिहिले, पान फाडून बाळासोच्या हाती दिले, त्याने मला. एकच शब्द होता — "कोण?"

सहा दिवस. रथसप्तमीपर्यंत.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहू की नको? या वहीशी तरी लपवाछपवी नको.

नात ऋचा काल सांगलीहून आली. ती तेथे वसतिगृहात राहून शिकते. तिचा बाप पाचगणीला शाळेत नोकरीस. सकाळी तुळशीला पाणी घालताना ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. ऐकले — "ज्याच्या ओठी पाणी, त्याच्या ओठी सत्य नांदो."

आठवले. ती तीन वर्षांची असताना तिला ताप होता. पाणी पीत नव्हती. फुलपात्र तोंडाशी धरून ही ओळ मीच जुळवली होती. कोठे लिहिली नाही. कोणाला सांगितली नाही.

पाठशाळेत शिकविले होते की पाया डळमळला तर आधी आसन घट्ट करावे. बसलो. तिला समोर बसविले.

"तू?"

तिने मान खाली घातली नाही. "हो अण्णा. मीच."

"देवीचे नाव घालून?"

"मग काय करू? हँडबिलं छापली असती तर त्यांत भजी बांधली असती. मागच्या वर्षी पोरांनी भिंतीवर लिहिलं, त्यावर चुना फासला. कर्णा त्यांचा, जीप त्यांची, चावडी त्यांची. हे एकच लिखाण आहे अण्णा, जे या लोकांच्यात कोणी फाडत नाही. आणि वाचता येत नसलं तरी शेजाऱ्याकडून वाचून घेतात!"

"फाडत नाहीत कारण भितात. भयावर उभे केलेले सत्य किती दिवस टिकेल? तू वाचा जाण्याचा शाप घातलास—"

तेथे तिचा चेहरा पालटला. "नाही. अण्णा, शप्पथ. ते मी लिहिलं नाही. मी अकरा पत्रं लिहिली, एकातही शाप नव्हता. आठवड्यानं माझ्याच खोलीतल्या मुलीला आलं ते शापासकट. मी तिला विचारलं, हे कुणी घातलं? ती म्हणाली, असंच असतं ना हे पत्र!"

"मग घातले कोणी?"

"कुणीच नाही." मग टोपलीकडे पाहून म्हणाली, "सगळ्यांनी."

बाहेर ऊन रखरखीत होते, वारा तसूभरही नव्हता. टोपलीतील पत्रे सळसळली. आम्ही दोघांनीही ऐकले.

बाळासोचे म्हणणे तिला सांगितले. ती उठली. "मी आत्ता जाते आणि सांगते, मी लिहिलं." मी तिचा हात धरला. इतक्या जोरात धरला की तिची बांगडी फुटली.

११ फेब्रुवारी, मंगळवार. गणेशजयंती

प्रशांतला बोलावून घेतले. ओसरीवर बसला नाही, अंगणात उभा राहिला. मी आग्रह केला तेव्हा बसला.

म्हणालो, काही दिवस गाव सोड. साताऱ्याला, कोठेही.

"का? मी लिवलं न्हाई."

"मग तसे सांग त्यांना."

"ते बी न्हाई सांगणार. मी न्हाई म्हटलं की ते दुसरं घर धुंडणार." माझ्याकडे पाहिले, मग आत ऋचा होती त्या दाराकडे. "मला ठावं हाय काका. तुमी नाव काढू नगा."

मी विचारले, तुझा या देवीवर विश्वास आहे?

"आवं काका, मी देवच मानत न्हाई. आमच्या घरी भगवान बुद्धांचा फोटो हाय. ऋचाला म्हटलं हुतं मी, देवी नगं घालू. पर पाणी मानतो मी." विहिरीकडे बोट केले. "माझ्या आज्ज्यानं त्या पाण्याला हात लावला तवा गावानं तीन दिस ती उपसली हुती. त्याच पाण्याची वंजळ त्या दिशी नानासोच्या तोंडाला लावली. आता आणि काय करायचं ऱ्हायलंय?"

ती विहीर उपसली तेव्हा शुद्धीचे मंत्र म्हणावयास वाईहून नुकत्याच शिकून आलेल्या एका तरुण शास्त्र्याला बोलाविले होते. प्रशांतला हे ठाऊक आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी सांगितले नाही.

१३ फेब्रुवारी

झोपेशिवाय जप होत नाही. जपाशिवाय झोप येत नाही. दोन्ही नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. रथसप्तमी

सूर्याला अर्घ्य दिले. देऊळ भरलेले. खांबाला टेकून बाळासो आणि चौघे. प्रशांत पायरीशी. ऋचा बायकांत, तिचे ओठ उघडत होते. तिने 'मी लिहिलं' म्हणण्याआधी मला बोलणे भाग होते.

बोललो ते असे — "या पत्रातील आशीर्वाद माझा आहे. ज्याला नाव हवे असेल त्याने माझे घ्यावे. शाप माझा नाही. ज्या पत्रात शाप आहे ते देवीचे नव्हे, कोणाचेच नव्हे. खुशाल फाडा."

आणि मी एक फाडले. सर्वांदेखत. चार तुकडे.

असत्य बोललो का? एकही शब्द खोटा नाही. आणि तरी ऐकणाऱ्यांनी जे ऐकले ते खोटे आहे, आणि ते तसेच ऐकावे म्हणून मी तो शब्द तसा ठेवला. शास्त्रात याला नाव आहे. आज ते घेणार नाही.

बाळासो पुढे आला. "काका, तुमी?" शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचे हात मोडून काय सांगणार लोकांना! गेला. प्रशांतकडे पाहिलेही नाही.

घरी येताच ऋचा गळ्यात पडून रडली. लहानपणी तापात रडायची तशी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मी स्वहस्ते अकरा पत्रे लिहिली. देवी गाळली, शाप गाळला. पाणी द्या, पाहा, मग मत द्या, एवढेच. खाली माझे संपूर्ण नाव, गाव, तालुका. जे म्हणावयाचे ते नाव घालून म्हणावे, हे या पोरांना दिसू दे. आकारामला दिली. त्याने ती कपाळाला लावली. मला ते आवडले नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काहीतरी बिघडले आहे.

बनाबाई रस्त्यात भेटली. हाक मारली. पूर्वी पाऊण तास बोलली असती. पदर ओढून बाजूला झाली, दुरूनच हात जोडले. "काय ग, सुनेशी भांडलीस की नाही?" उत्तर नाही. दुकानापुढे माणसे बोलत बसली होती. मी दिसताच बोलणे थांबले. पोरे चेंडू खेळत होती, चेंडू हातात धरून उभी राहिली. मी वळणापलीकडे गेल्यावर पुन्हा आवाज सुरू झाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कारण कळले. आकारामने चार पत्रे उंबऱ्यावर ठेवली आणि मागल्या पावलाने गेला. चारही माझ्या पत्राच्या नकला. चारही निरनिराळ्या गावच्या. प्रत्येकात माझे संपूर्ण नाव. आणि नावाच्या वर —

"शास्त्रीबुवांचे वचन आहे. त्यांनी स्वतः एक पत्र फाडून दाखविले, त्यांना काही झाले नाही, कारण शाप त्यांच्या स्वाधीन आहे. पाणी न पिणाऱ्याची व नकला न करणाऱ्याची वाचा ते नेतात."

एकाचे अक्षर तर हुबेहूब माझे. क्षणभर शंका आली की मीच लिहिले असावे. शाईची दौत तपासली.

ऋचाला दाखविले. तिने वाचले. "अण्णा, आपण सांगू लोकांना की—" आणि थांबली. माझ्याकडे पाहत थांबली. ती काय म्हणणार होती ते मला अजून कळलेले नाही. विचारले तर म्हणते, काही नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सूर्योदयाला दार उघडले तो अंगणात गाव. दीडशे पोरे, सारी खाली बसलेली, मुकी. मध्ये नानासो, अनवाणी, हातात विहिरीच्या पाण्याचा तांब्या. ते माझ्यासमोर तीन ओंजळी पाणी प्याले. तांबूस ओघळ मफलरवरून उतरत होते. मग तीन आठवड्यांनी उमटलेल्या, फुटक्या आवाजात ते मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, आता बोलू का?"

सारे माझ्याकडे पाहत होते. प्रशांतही. ऋचाही. माझ्या शब्दाशिवाय त्या अंगणात कोणी श्वासही सोडणार नव्हते. 'मला काय विचारता?' एवढेच म्हणायचे होते. ते म्हटले नाही. उलट थोडा वेळ थांबलो, त्यांना थांबविले. आणि मला ते थांबविणे गोड वाटले.

हे पान ज्याच्या हाती येईल त्याचे कल्याण होवो. त्याच्या घरी गोड पाणी असो, त्याची वाचा निर्भय राहो, त्याला कोणाचे भय न पडो — माझे तर मुळीच नको. आणि त्याने, एवढी कृपा करून, याची नक्कल करू नये.